बांधावरच्या वाइनची बोली

१

पाटावर सगळं जिथल्या तिथे होतं. वजनकाटा, बिलाचं मशीन, शटरची किल्ली, सुरी, कात्री, त्यांच्यावर वाहिलेली झेंडूची फुलं. फक्त बोलीची चावी नव्हती.

"वैदेही, तू उचललीस का गं?" मीनलनं मला विचारलं.

"खंडेनवमीला पुजलेल्या वस्तूला मी कशाला हात लावू? तुझ्या सासऱ्यांच्या हातून मरायचंय का मला?"

ती हसली नाही. तिनं पाटाखाली वाकून बघितलं, फुलं बाजूला केली, काट्याच्या तळाशी बोटं घातली आणि मग पिठाच्या पोत्यावर बसकणच मारली.

चावी म्हणजे बदामाएवढा प्लास्टिकचा तुकडा. पण तिचं मोल समजायचं तर या गावची वाइन समजून घ्यायला हवी. आयसेलवेर्ड हे रॉटरडॅमच्या पलीकडचं टिचभर गाव. इथल्या खेमेंटेचा, म्हणजे नगरपालिकेचा, नदीच्या बांधाच्या उतारावर स्वतःचा द्राक्षमळा आहे. त्याची वाइन आजवर पाहुण्यांना भेट म्हणून जायची. या वर्षी ती गावातल्या किराणा दुकानांत विकायची ठरली. सुपरमार्केटांना मज्जाव, परवाने दोनच, आणि तेही लिलावानं. लिलाव डच पद्धतीचा. भिंतीवरच्या घड्याळात भाव वरून खाली उतरत येतो, सगळे श्वास रोखून बसतात, आणि ज्याला धीर धरवत नाही तो बटण दाबतो. पहिला दाबेल त्याचा परवाना. बटण चालायला दुकानागणिक एकच चावी दिलेली. हरवली तर दुसरी मिळणार नाही, हे खेमेंटेनं बजावून सांगितलं होतं.

लिलाव दुसऱ्या दिवशी सकाळी होता, ऐन दसऱ्याला.

मीनलचं 'शिदोरी' हे दुकान या लिलावावर टांगलेलं होतं. जागेच्या मालकांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, की तुमच्याकडे फक्त भारतीय येतात, शेजारपाजारचं कुणी उंबरा ओलांडत नाही. ते येतील असं काही करून दाखवा, नाहीतर डिसेंबरनंतर जागा दुसऱ्याला देऊ. गावाची वाइन हे 'असं काही' होतं. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेल्या, भाषा न येणाऱ्या, पहिलं वर्ष खिडकीत बसून रडलेल्या मीनलनं हे दुकान एकटीनं उभं केलं होतं. आम्स्टरडॅम स्लोटरडाइकच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या मला तिचा हेवा वाटायचा.

त्या दिवशी विक्री बंद होती, कारण काटा आणि मशीन पुजलेलं. आत आली ती फक्त प्रसादाला बोलावलेली माणसं, आणि दुकानाला दार एकच.

"वैदेही," मीनल हळूच म्हणाली, "म्हणजे चोर आपल्यातलाच आहे."

२

मी मंजूषाताईंना फोन केला. मंजूषाताई रॉटरडॅम बंदरात सर्व्हेयर आहेत. बोटीतून आलेला माल भिजला, कुजला, डागाळला, की विमा कंपनी त्यांना बोलावते आणि त्या कंटेनरमध्ये शिरून सांगतात, हे समुद्रानं केलं की माणसानं. माणसानं केलं असेल तर तो माणूस त्या दिवशी जेवत नाही अशी त्यांची ख्याती. वयानं साठीच्या जवळ, आवाज मऊ, आणि पर्समध्ये कायम चिवड्याची पुडी.

"कुणाला जाऊ देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "आणि पाटाला हात लावू नका. मी मेट्रोत बसलेच."

त्या येईपर्यंत मी एकेकाकडे बघत बसले. मला वाटलं, मीच शोधून काढीन.

पहिला वाउटर, शेजारच्या चीजच्या दुकानाचा मालक. उद्याच्या बोलीतला मीनलचा प्रतिस्पर्धी. दुपारी प्रसादाचा शिरा घेऊन गेला होता आणि थोड्या वेळानं वाटी परत करायला पुन्हा आला होता. ऑक्टोबरच्या गारठ्यात अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट. मी त्याला बोलावून आणलं तर काय झालंय ते न विचारता खुर्ची ओढून बसला.

दुसरा अंबरीश. मीनलच्या नवऱ्याचा, विनायकचा, पुण्यापासूनचा मित्र. रॉटरडॅमला त्याचं मोठं भारतीय दुकान आहे आणि गेल्या महिन्यात त्यानं या गावातही एक गाळा घेतला होता. तोही बोलीत होता. पण मीनलला दुकानाची बाराखडी शिकवली ती त्यानंच, आणि चावी हरवल्यावर सगळ्यात जास्त धावपळही त्याचीच चालली होती. पांढरा शुभ्र शर्ट, त्यावर कोट, आणि शर्टाच्या उजव्या बाहीच्या टोकाला ओलसर लाल डाग.

"हे काय झालं रे?" मी विचारलं.

"वाइन! खेमेंटेत आज टेस्टिंग होतं ना, तिथून सरळ इकडे आलो. शेजारच्या बाईचा पेला कलंडला. मी कुठला चाखतोय, माझे नवरात्राचे उपास! आत्ता तुमच्या मोरीत साबणानं घासला, पण जातोय कुठला."

आणि तिसरे संजीवराव, मीनलचे सासरे. दोन महिन्यांसाठी पुण्याहून आलेले. त्यांनी सकाळी पूजा केली तीही कुरकुरतच, कारण कुंकवाची डबी कापेल गावातल्या घरी राहिली होती. शेवटी नुसती ओली हळद लावून पूजा उरकली. त्यातून दुकानात वाइन येणार म्हटल्यावर तर त्यांचा तोल सुटलाच होता.

"देवीच्या नवरात्रात दारूच्या परवान्याची चावी पाटावर! ती हरवली तर बरंच होईल," असं ते आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते. मीनलच्या दुकानाला ते कायम 'सूनबाईंचा छंद' म्हणायचे.

मीनल आणि मी मागच्या खोलीत शिरा परतत होतो तेव्हा संजीवराव गल्ल्यापाशी खुर्चीत बसून होते. पाटाच्या अगदी जवळ. आता ते मान खाली घालून बसले होते, आणि त्यांनी चष्मा पुसायला हात वर केला तेव्हा माझी नजर तिथेच खिळली. त्यांची तीन बोटं पिवळीधमक होती.

मीनलनंही ती बघितली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. चावी गेली त्याचं दुःख वेगळं, आणि ती घरच्याच माणसानं नेली हे वेगळं.

३

मंजूषाताई आल्या, त्यांनी चपला दाराशी काढल्या, पाटाला नमस्कार केला आणि तिथेच उकिडव्या बसून बराच वेळ बघत राहिल्या. मीही वाकून बघितलं. चावी पाटाच्या मागच्या कडेला होती, वजनकाट्याच्या पलीकडे. पुढच्या बाजूला ओल्या हळदीची वाटी. वाटीच्या काठावरची हळद एका जागी पुसली गेली होती आणि तिचा ओरखडा पाटावरून मागे गेला होता.

"बोटाचा नाही हा," त्या पुटपुटल्या. "रुंद आहे." मग उठून चिवड्याची पुडी उघडत वाउटरसमोर बसल्या. "दुपारी कुठे होतास?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"सकाळपासून मळ्यात. मी तिथे स्वयंसेवक आहे. तोडणी चाललीये." त्यानं चिकट झालेले तळवे दाखवले. "या वर्षी द्राक्षं काय सुंदर आलीत! सगळी हिरवीगार, साखरेसारखी. मधल्या सुट्टीत इथे आलो, शिरा खाल्ला. इतका आवडला की वाटी परत देताना अजून मिळेल का बघायला आलो. मग पुन्हा मळ्यात."

"मीनलची चावी गेली तर तुझा फायदाच आहे."

वाउटर चक्क चिडला. "माझं दुकान तिच्या शेजारी आहे. तिच्याकडे लोक आले तर माझ्याकडेही येतील. परवाने दोन आहेत, बाई!"

मंजूषाताईंनी मान डोलावली आणि त्याच्यापुढे चिवडा धरला. मग त्या मोरीत गेल्या. तिथून हातात एक बाटली घेऊन आल्या, ती हिरव्या साबणाची, इथे जुन्या बायका फरशा पुसायला वापरतात ती.

"मीनल, हात धुवायला हेच ठेवतेस?"

"हातांचा साबण संपलाय कालपासून. आज दुकान बंद, म्हणून आणला नाही. पण मंजूषाताई, साबणाचं काय घेऊन बसलात!"

"बसू दे गं मला." त्या संजीवरावांकडे वळल्या. "काका, बोटं पिवळी आहेत तुमची."

"पूजा मी केली. पिवळी नसतील तर काय निळी असतील?" संजीवराव कडाडले. मग एकदम आवाज खाली आला. "मघापासून सूनबाई माझ्या बोटांकडे बघतेय, ते दिसतंय मला. बोललो मी, वाईटसाईट बोललो. पण पुजलेलं अवजार दसरा उजाडायच्या आत हलवायचं नाही. माझ्या वडिलांनी त्या दिवशी कधी साधी दाढी केली नाही, वस्तरा पुजलेला म्हणून. मी चावी उचलीन?"

"तुमचा डोळा लागला होता का?"

ते ओशाळले. "लागला थोडा. जाग आली तेव्हा मोरीत पाणी वाहत होतं."

अंबरीश मध्येच म्हणाला, "काका, कुणी तुमच्यावर रागावणार नाही. रागाच्या भरात होतं माणसाकडून. कुठे ठेवलीय एवढं सांगा, विषय संपला." किती समजूतदार, असं मला तेव्हा वाटलं. मीनलनं तर डोळे मिटून घेतले होते.

मंजूषाताई खुर्चीत टेकल्या. "अंबरीश, तू टेस्टिंगहून सरळ इकडे आलास ना? दमला असशील. वैदेही, त्या क्रेटमधलं एक लिंबू काप. सरबत करू."

मी लिंबू कापलं. पाणी आणायला वळले तर त्या म्हणाल्या, "पाणी नको. नुसतं लिंबूच दे." आणि त्यांनी अंबरीशचं मनगट धरलं.

४

"अहो, काय करताय!" अंबरीशनं हात मागे ओढला, पण बंदरात कंटेनरच्या कड्या उघडणाऱ्या बाईची पकड ती. त्यांनी लिंबाची फोड त्या लाल डागावर पिळली.

आम्ही सगळे बघत होतो. रस पसरला तसा डागाचा लाल रंग विरला आणि त्याच्या जागी पिवळा उमटला. स्वच्छ, झगझगीत, हळदीचा पिवळा.

"अगंबाई!" मी ओरडले. कारण हे मला माहीत होतं! माझ्या आईला, मीनलला, आपल्याकडच्या झाडून सगळ्या बायकांना माहीत आहे. आमटी सांडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लालभडक होतो. माझ्या डोळ्यांसमोर तो डाग होता आणि मी वाइन म्हटलं तर वाइन मानून बसले होते.

"हळदीला असा खारा, फरशीचा साबण लागला की ती लाल होते, आंबट लागलं की पुन्हा पिवळी," मंजूषाताई म्हणाल्या. "वाइन अशी वागत नाही. आणि या गावची वाइन तर नाहीच. मीनल, तू चाखलीयेस ना?"

मीनल सावकाश उठली. "गेल्या महिन्यात मळ्यात चाखली. पांढरी आहे. पाण्यासारखी फिकट. पन्ह्यासारखी आंबटगोड."

"हिरवी द्राक्षं," वाउटर म्हणाला. त्याला मराठी कळलं नव्हतं, पण काय चाललंय ते बरोबर कळलं होतं. "आमच्या मळ्यात काळं द्राक्ष एकही नाही."

"म्हणजे टेस्टिंगला तू गेलाच नव्हतास," मंजूषाताईंचा आवाज अजून मऊच होता. "काका झोपलेत, बायका आत आहेत, हे बघून तू कागदी रुमालात चावी उचललीस. बोटं सांभाळलीस, पण काट्यावरून हात पलीकडे घालताना बाही वाटीत बुडाली. मोरीत जाऊन साबण चोळलास तर पिवळ्याचं लाल झालं. घाबरलास. लाल म्हटल्यावर तुला सुचली वाइन."

"ताई, पूजेच्या जागी हळद कुणालाही लागते!" अंबरीशच्या कपाळावर घाम आला होता.

"तेच तर म्हणते मी. हळद लागली, एवढं म्हणाला असतास तर मी काय करणार होते? आज इथे हळद लागणं हा काही गुन्हा नाही. पण जन्मभर हळदीचं जेवून तुला ओळखूच आली नाही ती. पुण्यात आईनं धुतलं, इथे बायको धुते. आयुष्यात एक रुमाल स्वतः धुतला असतास तर आज सुटला असतास."

अंबरीशनं कोटाच्या आतल्या खिशातून कागदी रुमालाची घडी काढली आणि गल्ल्यावर ठेवली. आत चावी होती, हळदीसकट.

"वहिनी, नव्या गाळ्यात सगळं घातलंय मी. परवाना नाही मिळाला तर..." त्यानं डागाळलेली बाही कोटात ओढून घेतली. "तुम्हाला काय, विनायकला आइंडहोवनच्या नोकरीत चांगला पगार आहे. मला वाटलं, तुमचं काही अडणार नाही."

मला असा संताप आला की हातातलं लिंबू फेकून मारावंसं वाटलं. संजीवराव उभे राहिले होते.

"आणि माझ्या तोंडावर मला चोर ठरवत होतास?" ते म्हणाले. "माझ्या सुनेसमोर?"

मीनल पुढे आली. तिनं चावीला हात लावला नाही, रुमालासकट उचलून ती परत पाटावर ठेवली.

"पोलिसांना फोन करू?" मी विचारलं. "निदान खेमेंटेला कळव. बाद करतील त्याला."

मीनल अंबरीशकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, पण आवाज भरलेला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "अंबरीश, उद्या यायचं. चावी घेऊन, समोर बसायचं. तुम्ही आला नाहीत तर लोक म्हणतील मीनलला रान मोकळं मिळालं. मला रान मोकळं नकोय."

५

दसऱ्याच्या सकाळी खेमेंटेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. संजीवराव डोक्यावर टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. रात्रीच्या गाडीनं आइंडहोवनहून आलेला विनायक त्यांच्या शेजारी. मंजूषाताईंनी चक्क रजा काढली होती आणि मी ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं होतं.

पुढच्या टेबलांवर चार दुकानं होती. वाउटर, गावातली एक तुर्की किराणावाली, अंबरीश आणि मीनल. अंबरीश आला होता. मान वर करत नव्हता, पण आला होता. मीनलनं पैठणी नेसली होती आणि चावी बटणात घातली होती. बटणावरचा दिवा हिरवा झाला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पहिला परवाना वाउटरनं घेतला. घड्याळ सुरू होऊन भाव थोडासाच उतरला असेल, तोच त्यानं बटण दाबलं. त्याच्या बायकोनं शिटी वाजवली.

राहिला एकच परवाना.

घड्याळ पुन्हा वर गेलं आणि उतरायला लागलं. भाव खाली येत होता, येत होता, वाउटरनं दाबला होता तिथवर आला आणि त्याच्याही खाली गेला. अंबरीशचं बोट बटणाच्या वर तरंगत होतं. त्याला मी वर्षानुवर्षं बाजारात घासाघीस करताना बघितलंय. भाव उतरताना दिसला की त्याच्यानं लगेच होकार देववत नाही, अजून थोडा उतरू दे, अजून थोडा, असं त्याचं चालतं. आणि हे माझ्यापेक्षा मीनलला जास्त ठाऊक होतं, कारण घासाघीस तिला शिकवली ती त्यानंच.

ती घड्याळाकडे बघतच नव्हती. ती त्याच्या बोटाकडे बघत होती.

बोट किंचित खाली आलं, आणि ते बटणाला टेकायच्या आत घंटा वाजली. भिंतीवर अक्षरं उजळली : शिदोरी.

क्षणभर मीनलला स्वतःलाच कळलं नाही. तिनं वळून आमच्याकडे बघितलं. मग अशी हसली की मी तिला आजवर कधी तसं हसताना बघितलं नव्हतं. तुर्की बाईनं उठून तिला मिठी मारली. वाउटर टेबलावर मुठी आपटत होता. अंबरीश उभा राहिला, त्यानं मान वर केली आणि सगळ्यांदेखत तिला हात जोडले. मीनलनंही जोडले. माफ केलं की नाही ते तिचं ती जाणे, पण जिंकल्यावर तिला तेवढं परवडत होतं.

लिलाव चालवणाऱ्या अधिकाऱ्यानं माइकवर डचमध्ये विचारलं, की या दुकानाचे मालक कोण, त्यांनी कृपया पुढे यावं. विनायक उठायला लागला, तसा संजीवरावांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवला. स्वतः उभे राहिले. त्यांना डचचं अक्षर येत नाही, इंग्रजीही जेमतेम. पण प्रश्न त्यांना बरोबर समजला होता.

"ती!" मीनलकडे बोट दाखवत, सगळं सभागृह वळून बघेल एवढ्या मोठ्यानं, ते अस्सल पुणेरी मराठीत म्हणाले. "मालक ती आहे. माझी सून!"